वांग्यातला बोकड्या: हा जिवाणू तुडतुड्याला आणि झाडाला धरतो तरी कशानं?

कृष्णाकाठ_वांगी

मंडळी, नमस्कार.

वाळवा तालुक्यात आमची तीस गुंठे काटेरी वांगी आहेत. लावण जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. सुरुवातीला वरच्या बांधाकडं नऊ झाडं बोकड्या झालेली दिसली होती. आज सकाळी आईला बरोबर घेऊन एकेक ओळ फिरलो, तर एकशे चौदा भरली. ज्यांनी वांगी केलीत त्यांना वेगळं सांगायला नको. पानं बोटाच्या पेराएवढी, फिकट, देठ जवळजवळ नाहीच, शेंड्याला नुसता गुच्छ. फुलं धरली होती त्यांचीही हिरवी पानं झाली. आईनं एक गोष्ट दाखवली, ती माझ्या ध्यानात आली नव्हती. वांग्याच्या पानाला हात लावला की जी खरखर लागते ती या पानांना नाही. मऊ, गुळगुळीत लागतात, जणू दुसऱ्याच झाडाची.

वडिलांचं म्हणणं, बियाणं खोटं निघालं. दुकानात विचारलं तर म्हणाले, जिवाणूचा रोग आहे, स्ट्रेप्टोसायक्लिन मारा. आठ-आठ दिवसांनी तीन फवारण्या केल्या. एका झाडाला फरक नाही, आणि या तीन आठवड्यांत नऊची एकशे चौदा झाली.

मला नुसतं औषध विचारायचं नाही. बारावी सायन्स करून मी शेतीत आलो, आणि हे समजून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. तुडतुडा, म्हणजे पानाखाली बसणारा बारीक किडा, रोगट झाडाचा रस ओढतो, त्याबरोबर जिवाणू त्याच्या पोटात जातो, इथपर्यंत कळलं. पण त्याच्या पोटातला रस तर सारखा मागून बाहेर पडत असतो, पानावर चिकट थेंब पडलेले मी रोज बघतो. मग जिवाणू त्याबरोबर धुऊन का जात नाही? कशाला धरून राहतो? झाडात शिरल्यावर तिथंही रस वाहताच आहे, तिथं कसा टिकतो? आणि तुडतुडे तर सगळ्या रानात आहेत, मग रोग सगळ्याच झाडांना का नाही? हे उमगलं तर नेमका कुठं हात घालायचा ते कळेल असं वाटतं.


उसाचा_फड

दादा, उसात गवताळ वाढ येते ती याच कुळातली. बेटात ऊस धरत नाही, बारीक पांढरट फुटव्यांचा ठोंब होतो, लांबून बघितलं तर कुणी गवत लावलंय असं वाटावं. आमच्याकडं तो जास्त करून बेण्यातून येतो, म्हणून बेणे मळ्याच्या बेण्याला ५४ अंशांच्या बाष्पयुक्त गरम हवेची प्रक्रिया देतात. वांग्याला बेणं नाही, त्यामुळं ती वाट तुम्हाला लागू नाही.

माझं एवढंच सांगणं की बोकड्या झालेलं झाड सुधारेल म्हणून ठेवू नका. मी उसात दोन हंगाम तशी आशा धरली, खोडव्यात सगळा फड गवत झाला. चिकटण्याचं काय ते तुडतुडेवाली ताईंनी सांगावं, त्यांनी यातच शिक्षण केलंय.


तुडतुडेवाली

दादा, एम.एस्सी.ला दीड वर्ष मी याच रोगाच्या मागं होते, त्यामुळं उत्तर लांबणार आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की वांग्याच्या प्लॉटात शिरायचं, तोंडात रबरी नळी धरायची आणि तुडतुडे एकेक करून काचेच्या नळीत ओढायचे. मध्ये मलमलीचा तुकडा, म्हणजे किडा तोंडात येत नाही. मग ते कंदिलाच्या काचेत सोडायचे. काच कुंडीतल्या रोगट रोपावर उभी, वरचं तोंड मलमलीनं बांधलेलं. तुमचा प्रश्न मला त्या काचांपुढं बसून पडलेला आहे.

आधी वडिलांना सांगा, बियाणं खोटं नाही. हा रोग बियाण्यातून येत नाही. कोयत्याला लागलेल्या रसातून नाही, तोडणी करणाऱ्या बायकांच्या हातांतूनही नाही. रोगट झाडाचं कलम केलं, अमरवेल एका झाडावरून दुसऱ्यावर चढली, किंवा ठरावीक तुडतुडा चावला, या तीनच वाटा. रानात त्यातली तिसरीच चालते.

आता जीव कोण ते. याला फायटोप्लाझ्मा म्हणतात. कोइम्बतूरला १९३०च्या दशकाच्या अखेरीस वांग्यावर हा रोग नोंदवला गेला, तेव्हा आणि पुढं कितीतरी वर्षं हा विषाणू असेल असंच समजत. १९६७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तुतीच्या खुजेपणाच्या रोगात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, अन्नवाहिनीत हे गोलसर जीव पाहिले. त्याच वर्षी हेही दिसलं की टेट्रासायक्लिननं लक्षणं मागं हटतात आणि पेनिसिलिननं काहीच होत नाही. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. इथं भिंतच नाही, तर ते मोडणार काय?

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. साधारण जिवाणूला भिंत असते, पुष्कळांना पोहायला शेपटी असते, अंगावर बारीक धागे असतात. ते धागे म्हणजे त्यांची धरायची साधनं. फायटोप्लाझ्माला भिंत नाही, शेपटी नाही, धागे नाहीत. एक पातळ पडदा आणि आत थोडकं सामान. आकार ०.२ ते ०.८ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत सहज शंभर मावतील. २००४ मध्ये जपानात कांद्याच्या पिवळेपणाच्या फायटोप्लाझ्माचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो सुमारे ८ लाख ६० हजार अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा ४६ लाखांच्या आसपास असतो. याच्याकडं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा पदार्थ, बनवायचं सिंथेस हे यंत्रसुद्धा नाही, जे जवळजवळ सगळ्या सजीवांकडं असतं. आयुष्यभर एकतर झाडाच्या अन्नरसात राहायचं नाहीतर किड्याच्या अंगात, आणि लागेल ते तिथूनच घ्यायचं.

मग असा जीव धरतो कशानं? त्या पडद्यानं. पडद्यावर एक प्रथिन दाटीवाटीनं बसलेलं असतं, त्याला अँप म्हणतात. २००६ मध्ये जपानी गटानं हे अँप घेऊन तुडतुड्याच्या शरीरातल्या प्रथिनांपैकी ते कशाला धरतं ते पाहिलं. ते ॲक्टिनला धरलं. ॲक्टिन म्हणजे स्नायूंत असतं ते धाग्यासारखं प्रथिन, तुमच्या-माझ्या दंडातही तेच काम करतं. तुडतुड्याच्या आतड्याभोवतीच्या स्नायूंत ॲक्टिनचे धागे असतात, आणि फायटोप्लाझ्मा त्याच जागी बसलेला दिसला. मग त्यांनी वेगवेगळ्या जातींचे तुडतुडे घेऊन हेच करून पाहिलं. ज्या जाती तो रोग पसरवतात त्या सगळ्यांमध्ये अँप आणि ॲक्टिनची जोडी जमली. ज्या पसरवत नाहीत त्यांच्यात जमली नाही.

दादा, सगळे तुडतुडे रोग का पसरवत नाहीत याचं उत्तर या जोडीत आहे. हा प्रयोग कांद्यावरच्या फायटोप्लाझ्मावर झाला, वांग्यावरचा त्याच कुळातला पण दुसऱ्या शाखेचा आहे. तरी किड्याच्या अंगातली वाट दोघांची एकच.

ती वाट अशी. सोंडेतून रस आतड्यात. तिथं धरता आलं नाही तर तुम्ही म्हणता तसं थेंबाबरोबर बाहेर. धरता आलं तर आतड्याच्या पेशीत शिरायचं, पलीकडून किड्याच्या रक्तात उतरायचं, तिथं वाढायचं, मग लाळग्रंथीला धरायचं, तीही भिंत ओलांडायची आणि लाळेत पोचायचं. पुढच्या वेळी किडा सोंड खुपसताना लाळ सोडतो, त्यातून नव्या झाडात. या सगळ्याला उन्हापावसाप्रमाणं साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर तो किडा रोगट रस पिऊनही निरुपद्रवी असतो. एकदा लाळेत आला की मरेपर्यंत पसरवत राहतो.

माझ्या काचांमधलं सांगते. रोगट रोपावर मी दोन प्रकारचे तुडतुडे सोडले होते. एक आपला नेहमीचा हिरवा, ज्याच्यामुळं पानांच्या कडा वाळतात. दुसरा हिशिमोनस फायसिटिस. पीसीआर, म्हणजे जीवाची जनुकं शोधायची तपासणी, केली तर दोन्हींच्या अंगात फायटोप्लाझ्मा सापडला. मी आनंदानं वहीत दोन वाहक, म्हणजे रोग पसरवणारे किडे, लिहून टाकले. सरांनी ते वाक्य खोडलं आणि विचारलं, पोटात सापडला म्हणजे लाळेत पोचला का? मग तेच किडे निरोगी रोपांवर एकेक करून ठेवले. हिशिमोनसखालच्या रोपांना महिन्याभरात शेंड्याला बारीक पानं आली. हिरव्याखालचं एकही रोप आजारी पडलं नाही. माझी रोपं मोजकीच होती, आणि हिरव्याचं नाव दुय्यम वाहक म्हणून घेतलंही जातं. पण पोटात असणं वेगळं आणि धरून पलीकडं जाणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आजही कुणी नुसत्या पीसीआरवरून एखाद्या किड्याला वाहक ठरवलं की मला ते पटत नाही.

याचा पुरावा एका भावंडात अजून स्पष्ट मिळतो. फायटोप्लाझ्मा प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड, पण लिंबूवर्गीय झाडांवरचा स्पायरोप्लाझ्मा सिट्री वाढवता येतो. तोही बिनभिंतीचा, फक्त मळसूत्रासारखा पिळदार. त्याच्या पडद्यावर स्पायरालिन नावाचं प्रथिन असतं, ते तुडतुड्याच्या साखर लागलेल्या प्रथिनांना धरतं. हे प्रथिन बनवणारं जनुक मोडलेला स्पायरोप्लाझ्मा तयार केला, तर तो झाडात आजार करू शकला, पण तुडतुड्यामार्फत त्याचा प्रसार एकदम खाली आला.

आता झाडातलं. तुडतुडा सोंड थेट अन्नवाहिनीत घालतो, म्हणजे पानात बनलेली साखर जिच्यातून खाली-वर जाते ती नळी. फायटोप्लाझ्माला पोहता येत नाही, तो रसाबरोबरच जातो, मुळांकडं आणि वाढत्या शेंड्यांकडं. नळीत जागोजागी चाळणीसारखे पडदे असतात. भिंत नसल्यानं अंग लवचीक, त्या भोकांतून तो निघून जातो. पण सगळेच वाहत नाहीत. टोमॅटोवरच्या अशाच रोगात हे जीव नळीच्या आतल्या पडद्याला चिकटून बसलेले दिसले आहेत. तिथं बसून ते आपली छोटी प्रथिनं रसात सोडतात, आणि ती प्रथिनं झाडाच्या वाढीची व्यवस्थाच फिरवतात. फुलाला फूल बनवणारे नियंत्रक मोडले की पाकळीच्या जागी हिरवं पान येतं. पानाचा आकार ठरवणारे मोडले की बारीक गुच्छ येतो. ॲस्टर या फुलझाडाच्या पिवळेपणाच्या फायटोप्लाझ्मात तर असंही दिसलंय की त्याच्या एका प्रथिनानं झाडाची कीड-विरोधी तयारी ढिली पडते आणि तुडतुडे अशा झाडावर जास्त अंडी घालतात. तुमच्या आईंना लागलेला मऊपणा यातलाच. बोकड्या पानावर लव नसते. मीही रोगट रोप निवडताना आधी हात लावायचे.

तुमच्या तीन फवारण्यांचं. स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि फक्त दहा टक्के टेट्रासायक्लिन असतं. पानावर मारलेलं अन्नवाहिनीच्या आत पोचत नाही. प्रयोगात टेट्रासायक्लिन झाडात भिनवलं तरी लक्षणं दबतात आणि औषध थांबलं की परत येतात. माणसांच्या आजारांना लागणारी औषधं अशी रानात ओतणं मला मनापासून चुकीचं वाटतं, आणि इथं तर त्याचा उपयोगही नाही.

हात घालायचा तो तुडतुड्याच्या त्या दोन-चार आठवड्यांत. तुमची नऊ झाडं दिसली तेव्हाच उपटली असती तर त्यांच्यावरचे किडे रोगाचा रस पीत राहिले नसते. आता एकशे चौदा उपटा, पण उपटण्याआधी त्या झाडांवर आणि आजूबाजूच्या दोन-दोन ओळींवर तुडतुड्यांसाठी वांग्यावर शिफारस असलेलं कीटकनाशक लेबलवरच्या मात्रेनं मारा, फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचा कालावधी पाळा. आधी झाड हलवलं तर किडे उडून शेजारच्या निरोगी झाडावर बसतात. ही चूक मी प्लॉटात स्वतः केली होती आणि पुढच्या महिन्यात बरोबर त्या झाडांभोवतीच कडं उठलं.

आणि बांधावर बघा. धोतरा आणि सदाफुली या दोन्हींत हा रोग राहतो. वरच्या बांधाकडूनच सुरुवात झाली म्हणता, तर तिकडं काहीतरी असणार.


निफाडचा_मळा

ताई, हे वाचून एक विचारतो. आमच्याकडं द्राक्षवाल्यांच्या बैठकीत कॅलिफोर्नियातल्या पियर्स रोगाचं नाव निघतं. तोही किड्यानं पसरणारा जिवाणू. तो असाच पोटातून रक्तात, रक्तातून लाळेत जातो का?


सॅक्रामेंटो_मराठी

याचं उत्तर मी देते, गेली सहा वर्षं इथल्या द्राक्षमळ्यांतच काम करते. नाही, तो अगदी उलट वागतो.

पियर्स रोगाचा जिवाणू झायलेला फास्टिडिओसा. १८८०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या द्राक्षबागा यानं उजाड केल्या, न्यूटन पियर्स यांनी १८९२ मध्ये त्यावर लिहिलं म्हणून रोगाला त्यांचं नाव. १९९०च्या दशकाच्या शेवटी टेमेक्युला खोऱ्यात परत मोठा फटका बसला. इटलीत पुलियाच्या सॅलेंतो भागात २०१३ पासून जैतुनाची (ऑलिव्हची) शेकडो वर्षांची झाडं वाळली, तीही याच जिवाणूनं. तो जलवाहिनीत राहतो, मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या नळीत. त्या पाण्यात पोषण जवळपास नसतंच, म्हणून त्यावर जगणारा किडा दिवसाला स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी ओढतो आणि मागून फेकतो. हा रोग पसरवणारा काचपंखी शार्पशूटर नावाचा किडा भरपूर असलेल्या झाडाखाली उभं राहिलं तर अंगावर तुषार पडतात. पहिल्यांदा मला वाटलं, ठिबकची नळी फुटली.

कृष्णाकाठ दादांचा प्रश्न इथं अजून अवघड होतो. एवढ्या धारेत जिवाणू टिकतो कसा? हा आतड्यात घर करतच नाही. सोंडेच्या मागं, तोंडातच, रस ओढायचा पंप असतो. त्याच्या आत कायटिनचं, म्हणजे किड्याचं कवच ज्याचं असतं त्या पदार्थाचं, अस्तर असतं, त्याला तो चिकटतो. याला भिंत आहे, आणि अंगावर धागेही आहेत. आखूड धागे एका टोकाला असतात, त्यांनी तो एका टोकावर उभा राहून धरतो, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठीसारखा. शिवाय बाहेरच्या आवरणावर चिकटणारी मोठी प्रथिनं आहेत. लांब धाग्यांनी तो धारेच्या उलट दिशेला सरकतोही. एकावर एक बसून चिकट थर होतो, आणि किडा पुढच्या वेलीवर बसला की त्यातले काही सुटून आत जातात. दोन-चार आठवडे थांबणं नाही, घेतल्याबरोबर देऊ शकतो.

सगळ्यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे पिल्लू कात टाकतं तेव्हाची. तोंडातलं अस्तर कातीबरोबर निघून जातं आणि जिवाणूही जातो. पिल्लू परत स्वच्छ. ताईंचा फायटोप्लाझ्मा रक्तात असतो, त्याला कातीनं काही होत नाही.

अजून एक. हे जिवाणू एकमेकांसाठी एक रासायनिक खूण सोडतात. गर्दी वाढली, खूण दाटली की ते चिकट होतात. ही खूण सोडणारं जनुक २००४ च्या एका प्रयोगात मोडलं. असे जिवाणू कमी चिकट झाले, त्यामुळं वेलीत मोकाट पसरले, रोग आणखी जोरात आला. पण किड्याच्या तोंडात त्यांना थर धरता आला नाही, त्यामुळं त्या वेलीवरून दुसऱ्या वेलीवर ते गेलेच नाहीत. म्हणजे झाडात पसरायला सुटावं लागतं आणि किड्यात बसायला चिकटावं लागतं. तो ही दोन्ही कामं वेळ ओळखून करतो. मळ्यात काम करताना हे माझ्या मनातून कधी जात नाही, कारण इथल्या संशोधकांनी ती खूण वेलीत वाढवून जिवाणूला जागीच चिकटवून ठेवता येईल का, हाच रस्ता धरला आहे.


कृष्णाकाठ_वांगी

ताई, दोघींचे आभार मानावेत तेवढे थोडे. चार दिवसांनी लिहितोय, कारण तुम्ही सांगितलं ते करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

वरच्या बांधाला विहिरीच्या कडेला धोतऱ्याची तीन झाडं होती. त्यातल्या दोघांची पानं अशीच बारीक, गुच्छ झालेली. रोज तिथून मोटार चालू करायला जातो, पण धोतरा म्हणून कधी नजर टाकली नव्हती. तिन्ही काढली.

संध्याकाळी तुमच्यासारखी नळी करून पाच-सहा तुडतुडे पकडले आणि पुतण्याच्या भिंगाखाली बघितले. बहुतेक हिरवे होते. एक मात्र तपकिरी छटेचा, पंख मिटले की पाठीवर मधोमध गोल तपकिरी डाग दिसणारा. हाच का तो?

फवारणी करून दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं उपटली. आई माझ्या मागून ओळीनं येत होती आणि जी झाडं मला चांगली वाटली त्यांच्या शेंड्याचं पान चिमटीत धरून बघत होती. तिनं आणखी अकरा काढली. मला डोळ्यांना त्यात काही दिसत नव्हतं, पण तिच्या बोटांना कळलं. मग मीही डोळे मिटून हात लावला, तेव्हा फरक लागला. वडील सुरुवातीला गप्प होते, बियाण्याचं मात्र आता म्हणत नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. उपटलेली झाडं बांधावर ढीग घालून ठेवलीत, ती जाळू का खड्ड्यात पुरू? आणि आमच्याकडं जानेवारीत वांगी छाटून खोडवा ठेवायची पद्धत आहे, नवीन फुटव्यावर उन्हाळ्यात चांगला दर मिळतो. वडिलांना तो ठेवायचाच आहे.


तुडतुडेवाली

हो दादा, गोल डागवाला तोच हिशिमोनस. दोन्ही पंखांवर अर्धा-अर्धा डाग असतो, मिटले की पूर्ण गोल होतो. आता तुम्हाला तो रानात नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येईल. आठवड्यातून एकदा संध्याकाळी दहा-पंधरा झाडांची पानं उलटून तो किती दिसतो ते वहीत लिहीत जा, तारीख टाकून. हिरवे वेगळे मोजा. फवारणी केव्हा करायची ते त्या वहीतून कळेल, दुकानातून नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. ती अकरा झाडं पीसीआरला पाठवली असती तर आठवडा गेला असता. महिनाभर दर चार दिवसांनी त्यांना अशी एक फेरी मारायला सांगा, कारण आज लागण झालेलं झाड लक्षण दाखवायला तीन-चार आठवडे घेतं. अजून काही झाडं निघतील, त्यानं घाबरून जाऊ नका. ती आधीच्या चाव्यांची असतील.

खोडव्याचं वडिलांना समजावून सांगा. छाटणीनं फांदी जाते, मुळात बसलेला फायटोप्लाझ्मा जात नाही. रस मुळांकडंही जातो असं वर लिहिलं ते यासाठीच. छाटल्यावर जो कोवळा फुटवा येतो त्यात तो परत चढतो, आणि कोवळा फुटवा तुडतुड्यांना सगळ्यात प्रिय. ज्या रानात सव्वाशे झाडं निघाली तिथं खोडवा ठेवलात तर जूनमधली नवी रोपं थेट त्याच्या शेजारी उभी राहतील. यंदा खोडवा ठेवू नका. रोपवाटिका मात्र विहिरीपासून लांब करा आणि वाफ्यावर कीटकरोधक जाळी टाका. कोवळ्या वयात चावा बसला तर त्या झाडाला एकही वांगं येत नाही.

आणि ढीग बांधावर राहू देऊ नका, आजच खड्डा करून पुरा. जाळायची गरज नाही. हा जीव जिवंत झाडाबाहेर किंवा किड्याबाहेर राहू शकत नाही, झाड सुकलं की तोही संपतो, मातीत उरत नाही. पुरायचं ते पानांत घातलेल्या अंड्यांसाठी आणि चिकटून राहिलेल्या पिल्लांसाठी. ढीग हिरवा असेपर्यंत ती पिल्लं त्यावर जगतात आणि तिथून शेजारच्या ओळीत चालत जातात. वर हातभर माती टाका.


कृष्णाकाठ_वांगी

पुरली ताई, आत्ताच, दोन फूट खोल. वहीही सुरू केली. आज पंधरा झाडांवर हिरवे एकवीस, डागवाले दोन.